निकाल ठरलेला, कौल प्रेक्षकांचा

२६ जानेवारी २०१४. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती कंपनीची 'रॉयल रंबल' रंगात आली होती. या लढतीचा नियम सोपा आहे. सुरुवातीला दोन मल्ल रिंगमध्ये असतात आणि ठरावीक वेळाने एकेक नवा मल्ल येत जातो. असे एकूण ३० जण. वरच्या दोरीवरून बाहेर फेकला गेला तो बाद, आणि शेवटी उरेल त्याला वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, म्हणजे 'रेसलमेनिया'त, अजिंक्यपदासाठी लढण्याचा मान. त्या रात्री सभागृहातल्या हजारो लोकांच्या तोंडी एकच नाव होतं, डॅनियल ब्रायन. २९ जण येऊन गेले, ब्रायन आला नाही. तिसाव्या मल्लाचं संगीत वाजलं आणि बाहेर आला मुखवटाधारी रे मिस्टेरिओ, वर्षानुवर्षं लोकांच्या गळ्यातला ताईत. लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याचा दोष एवढाच की तो ब्रायन नव्हता. काही वर्षांनी परतलेल्या बॅटिस्टाला नायक म्हणून जिंकवायचं असं कंपनीने ठरवलं होतं. तो जिंकला आणि सभागृहाने त्यालाही धुडकावून लावलं.

बरोबर १० आठवड्यांनी, ६ एप्रिलला, न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रायनने एकाच रात्रीत दोन लढती जिंकून अजिंक्यपदाचे पट्टे उंचावले. मधल्या काळात कंपनीला अख्खं कथानक फिरवावं लागलं होतं. ज्या खेळाचा निकाल आधीच लिहून ठेवलेला असतो, त्याचा निकाल प्रेक्षकांनी पुन्हा लिहायला लावला.

नव्वदीच्या दशकात घरोघरी केबल आली, तेव्हा मराठी मुलांनी अंडरटेकर आणि हल्क होगन पाहिले, त्यांचे पत्ते गोळा केले आणि 'हे खरं असतं की खोटं?' यावर घरातल्या मोठ्यांशी वाद घातले. त्या प्रश्नाचं उत्तर केव्हाच मिळालं आहे. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे कंपनीनेच मान्य केलं की ही स्पर्धा नसून मनोरंजन आहे. तसं मान्य केलं की क्रीडा आयोगाची बंधनं आणि कर टळत होते. पण त्या कबुलीमुळे प्रेक्षकांनी पाठ फिरवली नाही. म्हणून विचारण्यासारखा प्रश्न वेगळाच आहे. निकाल ठरलेला आहे हे ठाऊक असूनही माणसं श्वास रोखून का पाहतात? आणि त्यांच्या ओरडण्याने तो निकाल कसा बदलतो?

कंटाळ्यातून जन्मलेला खेळ

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आणि युरोपात कुस्तीच्या खऱ्या लढती होत. खऱ्या कुस्तीत दोन तुल्यबळ मल्ल भिडले की बराच वेळ काहीच घडत नाही, ही तिची अडचण. १९१० साली लंडनमध्ये आपल्या गामा पहिलवानापुढे पोलंडचा स्टॅनिस्लॉस झबिस्को उभा राहिला. उभा कसला, बहुतेक वेळ तो पोटावर पडूनच राहिला, कारण गामाला आपल्याला उलथवता येऊ नये, असा त्याचा प्रयत्न होता. अडीच तासांनी ती कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. १९२८ साली पतियाळ्यात गामाने त्याच झबिस्कोला मिनिटाच्या आत चीत केलं, पण लंडनच्या प्रेक्षकांना तो आनंद मिळाला नव्हता. १९१६ साली ओमाहा शहरात जो स्टेकर आणि एड 'स्ट्रँगलर' लुईस यांची लढत तर सुमारे पाच तास चालून बरोबरीत सुटली.

असा खेळ पाहायला पुन्हा पुन्हा कोण येणार? १९२०च्या दशकात लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी यावर तोडगा काढला. लढतीला वेळेची मर्यादा घातली, फेकाफेकीचे दिलखेचक डाव आणले आणि कोण कधी जिंकणार हे आधी ठरवायला सुरुवात केली. एका गावात हरलेला मल्ल पुढच्या महिन्यात सूड घ्यायला परत येऊ लागला. निकाल ठरवून घेण्याची चाल आधीही होतीच, जत्रांमधल्या तंबूंत आणि पैजांच्या धंद्यात. या तिघांनी तिला कथेची शिस्त लावली. म्हणजे या खेळाचं आजचं रूपच मुळी प्रेक्षकांच्या जांभयांनी घडवलं.

गर्दीचा आवाज ऐकणारे मल्ल

रिंगमध्ये भूमिका दोनच. लोकांनी ज्याची बाजू घ्यायची तो 'बेबीफेस', ज्याचा राग करायचा तो 'हील'. नायकासाठी उसळणाऱ्या जल्लोषाला 'पॉप' म्हणतात, खलनायकावर पेटणाऱ्या संतापाला 'हीट'. कोणी कोणाला, कधी आणि कसं हरवायचं हे ठरवणारा 'बुकर'. लोकांच्या मनात बसलेला मल्ल 'ओव्हर' झाला असं म्हणतात, आणि त्या एका शब्दासाठी माणसं आयुष्य घालवतात. शिव्या खाणारा खलनायक यशस्वी असतो. ज्याच्या येण्याने कोणी मानही वळवत नाही, तो मात्र संपतो.

हे सगळ्यांत आधी नीट ओळखलं ते 'गॉर्जस जॉर्ज'ने. १९४०च्या दशकाअखेरीस अमेरिकेत दूरचित्रवाणी पसरत होती. सोनेरी कुरळे केस, झगमगीत झगे आणि रिंगमध्ये अत्तर फवारणारा नोकर अशा थाटात तो यायचा. या गर्विष्ठाची खोड मोडलेली पाहायला लोक तिकिटं काढत. १९६१ साली लास व्हेगासमध्ये तरुण मुहम्मद अलीची त्याच्याशी भेट झाली. तोंडाने फुशारकी मारली की आपल्याला हरताना पाहायलाही लोक पैसे देतात, हा धडा त्याच्याकडून मिळाल्याचं अली पुढे सांगत असे.

लढतीचा शेवट ठरलेला असला तरी मधलं बरंच काही रिंगमध्येच ठरतं. पकडीत अडकलेले दोघं डोकी जवळ आणून पुढचा डाव कुजबुजतात. किती मिनिटं उरली याचा निरोप पंच आणतो. जुन्या पद्धतीत लढतीची सूत्रं बहुधा खलनायकाच्या हाती असत आणि मुरलेला खलनायक गर्दी ऐकूनच पुढची चाल ठरवी. लोक थंड पडले तर लबाडी वाढवायची. ते खुर्चीतून उठू लागले तर नायकाला उसळी घ्यायला वाट द्यायची.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे जोड्यांची लढत. १९८०च्या दशकातल्या 'रॉक अँड रोल एक्स्प्रेस' या जोडीतला रिकी मॉर्टन मार खाण्यात इतका निष्णात होता की जोडीतल्या मार खाणाऱ्या भूमिकेला आजही त्याचंच नाव लावतात. जोडीदाराला टाळी देऊन आत बोलावण्यासाठी तो रांगत आपल्या कोपऱ्याकडे जातो, हात पुढे करतो, बोटभर अंतर उरतं आणि खलनायक त्याला पाय धरून मागे ओढतात. पुन्हा प्रयत्न. या वेळी हाताला हात लागतो, पण पंचाचं लक्ष नेमकं दुसरीकडे असतं. सभागृह संतापाने पेटतं. शेवटी जेव्हा खरोखर टाळी पडते आणि ताज्या दमाचा जोडीदार आत झेपावतो, तेव्हा छप्पर उडेल असा आवाज होतो. हे असंच घडणार, हे प्रत्येकाला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं. तरीही ते दरवेळी लागू पडतं.

कोकणातल्या दशावतारात राक्षसाचा वध होणार हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, संवाद मात्र लिहिलेले नसतात. नट समोरच्या प्रेक्षकांचा रंग पाहून ते रचतात आणि लांबवतात. रिंगमधली कला याच जातीची. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ याने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकातल्या पहिल्याच निबंधात कुस्तीच्या या प्रकाराला खेळ न मानता नाट्य मानलं. यातना, पराभव आणि न्याय डोळ्यांना स्पष्ट दिसावेत, ही प्रेक्षकाची मागणी त्याने नेमकी हेरली होती.

अपेक्षेचं भांडवल

'काय होणार ते आधीच कळतं' ही एरवी मनोरंजनाबद्दलची तक्रार असते. या खेळात मात्र ते भांडवल ठरू शकतं. १७ मे १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रुनो सामार्टिनोने बडी रॉजर्सला ४८ सेकंदांत हरवलं आणि पुढची साडेसात वर्षं तो अजिंक्य राहिला. दर महिन्याला नवा राक्षस यायचा, ब्रुनो त्याला लोळवायचा आणि इटलीहून आलेल्या स्थलांतरितांनी भरलेलं सभागृह समाधानाने घरी जायचं. मुंबईत दारा सिंग आणि अवाढव्य किंग काँग यांच्या लढतींनाही लोक याच ओढीने गर्दी करत.

मग १८ जानेवारी १९७१ रोजी रशियन म्हणून मिरवणाऱ्या आयव्हन कोलॉफने ब्रुनोचे खांदे टेकवले. सभागृहात चिडीचूप शांतता पसरली. आपल्याला ऐकू येईनासं झालं की काय, असं वाटल्याचं ब्रुनोने नंतर सांगितलं. साडेसात वर्षांच्या खात्रीने ती शांतता कमावली होती. रोज हरणारा मल्ल हरला असता तर कोणी दखलही घेतली नसती. यातली पुढची खेळी तर आणखी विचारपूर्वक होती. तीनच आठवड्यांनी कोलॉफला पेद्रो मोरालेसने हरवलं. मोरालेस प्वेर्तो रिकोचा, आणि न्यूयॉर्कमध्ये प्वेर्तो रिकन वस्ती मोठी. नव्या नायकाने जुन्या नायकाला हरवलं असतं तर प्रेक्षक दुभंगले असते. खलनायक मधे घातल्याने दोन्ही समाज आपापल्या जागी राहिले. गादीचा वारस गर्दीकडे पाहून निवडला गेला.

मानसशास्त्रालाही यात काही सापडलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाचकांना लघुकथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांनाच कथा एकंदरीत जास्त आवडल्या. शेवटाची चिंता मिटली की माणूस तिथवर जाण्याची वाट अधिक रसाने पाहतो, असा एक अर्थ त्यातून निघतो.

एका रात्रीचे दोन निकाल

न्यू ऑर्लिन्सची ती एप्रिलची रात्र या विषयाचा जणू पाठच आहे. ब्रायनच्या विजयाआधी त्याच रिंगमध्ये अंडरटेकर आणि ब्रॉक लेस्नर यांची लढत झाली. १९९१पासून अंडरटेकर रेसलमेनियात २१ वेळा लढला होता आणि २१ वेळा जिंकला होता. पंचाचा हात तिसऱ्यांदा पडला, लेस्नर जिंकला आणि सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या स्टेडियममध्ये माणसं तोंडाचा आ वासून उभी राहिली. कोणालाही न सुचलेला निकाल. आणि त्यानंतर प्रत्येकाला हवा असलेला, जवळपास प्रत्येकाने ओळखलेला निकाल: ब्रायन अजिंक्य.

एक धक्का आणि एक पूर्ती, दोन्ही अचूक लागू पडले. कारण दोन्हींमागे साठवण होती. एकामागे २१ विजयांची, दुसऱ्यामागे दोन वर्षांच्या अन्यायाची. २०१२च्या रेसलमेनियात ब्रायनला अवघ्या १८ सेकंदांत हरवलं गेलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी लोकांनी 'येस! येस!' असा घोष करत त्याला डोक्यावर घेतलं होतं. उंचीने कमी, दाढीवाला, छोट्या कंपन्यांत घडलेला हा मल्ल 'पहिल्या प्रतीचा नाही', असं पडद्यावरचे मालक म्हणू लागले. प्रेक्षकांचा कंपनीवरचा खरा राग असा कथेत ओतला गेला आणि तिला धार आली.

आता शेजारी दुसरी एक रात्र ठेवून पाहा. ४ जानेवारी १९९९. डब्ल्यूडब्ल्यूईचं नाव तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं आणि डब्ल्यूसीडब्ल्यू ही प्रतिस्पर्धी कंपनी त्याच वेळी आपला कार्यक्रम थेट दाखवत होती. डब्ल्यूडब्ल्यूएफचा भाग आधी चित्रित झालेला असल्याने त्यात मॅनकाइंड नावाचा मल्ल अजिंक्य होणार, हे डब्ल्यूसीडब्ल्यूच्या निवेदकाने कुत्सितपणे जाहीर करून टाकलं. निकाल फुटला की तिकडे कोण पाहील, हा हिशेब. झालं उलटं. लाखो लोकांनी तो विजय डोळ्यांनी पाहायला चॅनेल बदललं. इकडे डब्ल्यूसीडब्ल्यूच्या मुख्य लढतीत हल्क होगनने केविन नॅशच्या छातीला बोट लावलं, नॅश आडवा पडला आणि होगनने पट्टा घेतला. हा प्रकार कोणालाही अपेक्षित नव्हता, पण त्यात लढत पाहायला आलेल्यांची सरळ फसवणूक होती. कळलेल्या निकालाने प्रेक्षक खेचले, न कळलेल्याने गमावले.

त्यानंतरही ही कंपनी धक्क्यांच्याच मागे लागली. २००० साली तिने डेव्हिड आर्केट या चित्रपट अभिनेत्याला विश्वविजेता केलं. मार्च २००१मध्ये ती प्रतिस्पर्ध्याला विकली गेली. तिच्या अंताला व्यवस्थापनाची आणि पैशांची इतर कारणंही होती, पण कशावरच विश्वास ठेवायचा नाही हे प्रेक्षकाला तिनेच शिकवलं होतं.

टाळीची किंमत

प्रत्येक मल्लाचा एक हुकमी शेवटचा डाव असतो. तो लागला की लढत संपते, असा प्रेक्षकाशी अलिखित करार. म्हणून कधी काळी एखादा त्यातून सुटला, तिसरी थाप पडता पडता खांदा उचलला, की अंगावर काटा येतो. पण हा काटा दर आठवड्याला आणू लागलं की डावाची जरब जाते आणि लोकांना उठवायला आणखी मोठं काही करावं लागतं.

१९९०च्या दशकात जपानच्या 'ऑल जपान' कंपनीत मित्सुहारु मिसावा, तोशिआकी कावादा आणि केंटा कोबाशी यांनी या तंत्राला कळस चढवला. तिथल्या जाणत्या प्रेक्षकांना चकित करणं कठीण, म्हणून डाव अधिकाधिक उंच आणि मानेवर आदळणारे होत गेले. त्या लढती आजही जगातल्या सर्वोत्तमांत गणल्या जातात. मिसावाचा मृत्यू १३ जून २००९ रोजी हिरोशिमात, रिंगमध्ये मागे आदळणारा एक डाव झेलल्यानंतर झाला. तो ४६ वर्षांचा होता. निकाल खोटा असला तरी आदळणं खरं असतं. वाढीव टाळी मागणाऱ्या प्रेक्षकाने हे विसरता कामा नये.

ऐकणं, न ऐकणं आणि शांतता

प्रेक्षकांचा कौल प्रत्येक वेळी एकाच रीतीने मानला जातो असं नाही. कधी मल्ल तो क्षणात ओळखतात. २००२ साली टोरोंटोत द रॉक नायक होता, होगन खलनायक. घंटा वाजण्याआधीच ६८ हजारांचं स्टेडियम होगनच्या बाजूने गर्जू लागलं. दोघांनी ते ऐकलं आणि लढतीचा सूर तिथल्या तिथे बदलला. उलट जॉन सीनाच्या बाबतीत अर्धे लोक जयजयकार आणि अर्धे निषेध करत राहिले, तरी कंपनीने वर्षानुवर्षं त्याला नायकच ठेवलं. आवाज दुभंगलेला होता, पण मोठा होता.

रोमन रेन्सच्या वेळी मात्र हट्ट महागात पडला. जानेवारी २०१५मध्ये फिलाडेल्फियात त्याला रॉयल रंबल जिंकवली. लाडका द रॉक मदतीला धावून आला, तरी लोकांनी हुर्यो थांबवली नाही. पुढे करोनाची साथ आली. मार्च २०२०पासून लढती रिकाम्या सभागृहात होऊ लागल्या आणि या कलेचं मर्म सगळ्यांना एकदम दिसलं. आदळण्याचे आवाज घुमायचे, पण उत्तर यायचं नाही. कधी वाढवायचं, कधी थांबायचं, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. ऑगस्टमध्ये कंपनीने रिंगभोवती पडदे उभारून घरबसल्या प्रेक्षकांचे चेहरे दाखवले आणि कृत्रिम गलका सोडला. त्याच महिन्यात रेन्स उघड खलनायक म्हणून परतला. लोक वर्षानुवर्षं जे ओरडून सांगत होते, ते अखेर मान्य झालं.

त्यानंतर मिळवलेलं त्याचं अजिंक्यपद १,३१६ दिवस टिकलं. २०२३मध्ये कोडी ऱ्होड्स त्याला हरवणार असं सगळे धरून चालले होते, पण कोडीच हरला. फेब्रुवारी २०२४मध्ये कोडीला बाजूला करून द रॉकला पुढे आणल्याचं दिसताच प्रेक्षकांनी इतका गदारोळ केला की काही दिवसांतच योजना फिरली. कोडीला लढत परत मिळाली आणि लोकांचा राग अंगावर घेत द रॉक स्वतः खलनायक झाला. ७ एप्रिल २०२४ रोजी, त्याच फिलाडेल्फियात, कोडी जिंकला. अपेक्षित होतं तेच घडलं आणि स्टेडियम आनंदाने वेडं झालं.

या खेळाला खोटा म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण त्यात त्याचं खरं कसब नजरेआड होतं. प्रेक्षकाला चकवणं हे यातलं दुय्यम काम आहे. त्याच्या मनात एक न्याय्य शेवट रुजवायचा, तो लांबवायचा आणि योग्य वेळी द्यायचा, हे मुख्य काम. वचन न देता दिलेला धक्का लवकर विरतो आणि दिलेलं वचन मोडलं तर प्रेक्षक निघून जातो. निकाल बुकर लिहितो हे खरं, पण तो निकाल लोकांना पटेपर्यंत पक्का होत नाही. म्हणून पुढच्या वेळी अशी लढत पाहाल तेव्हा रिंगभोवतीची माणसंही पाहा आणि त्यांचा आवाज ऐका. पुढच्या महिन्यात कोण जिंकणार, याची खूण बहुधा त्यातच असते.